गोड पाण्याची आण

आमच्या पुऱ्यात पाण्याचा तोटा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही हकीकत ऐकणारा दर वेळी हळहळून म्हणतो, "अरेरे, पाणीच नसेल!" पाणी होतं. पुऱ्याच्या मधोमध विहीर होती आणि भर वैशाखातही तिला पुरुषभर पाणी असायचं. फक्त ते खारं होतं. अकोला सोडून मोर्णा नदी खाली उतरायला लागली की जमिनीतलं पाणी खारट होत जातं, आणि आमचं पुरं ही लहानशी वस्ती त्या खारपाण्याच्या तोंडाशीच वसलेली. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, धोतर धुतलं तर वाळून पत्र्यासारखं कडक व्हायचं. प्यायला आम्ही नदीच्या वाळूत झिरे खणायचो. झिऱ्याचं पाणी गोड, पण एक घागर भरेपर्यंत माणसाची चिलीम ओढून व्हायची.

मी माळी. नदीकाठी माझा लहानसा मळा होता. तिथल्या खड्ड्यावर मोट चालवून मी वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढायचो. चैत्र सरता सरता खड्डा आटला की मळाही मिटायचा. अक्षरओळख मला म्हातारपणी झाली, म्हणून हे आता लिहितो आहे. त्या वेळी लिहिता आलं असतं तर नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या.

आग विझवायला आमच्याकडे घरटी एक माणूस असायचा. वडिलांच्या काळात एकदा सगळी ओळ जळाली होती, तेव्हापासूनची ही रीत. आम्हाला लोक आगवाले म्हणत. मारुतीच्या देवळामागे आमचं सामान असायचं: छपरं ओढायचे लोखंडी आकडे, चार शिड्या, जुनी घोंगडी, मोठी मोट. डफ वाजला की हातातला घास टाकून पळायचं. कुणी आकडे घेऊन शेजारच्या घराचं गवत ओढून काढायचं, कुणी ओली घोंगडी आपटायची, आणि मी माझी बैलजोडी विहिरीवर नेऊन मोट जोडायची. दादा, माझा थोरला भाऊ, सगळ्यांचा म्होरक्या होता. आगीपाशी तो सांगेल तेच व्हायचं, आणि ते बरोबरही असायचं, कारण तिथे वाद घालत बसलं तर घर उरत नाही. या आज्ञा पाळायच्या सवयीनंच पुढे आमचा घात केला, असं मला वाटतं. दादाला वाटत नव्हतं.

मग कापसाचं खूळ आलं. सातासमुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, असं पुढे कापसाच्या आवारात आलेला मुकादम सांगायचा. लढाई कुणाची आणि कशावरून, ते त्यालाही ठाऊक नसावं. पण त्या लढाईपायी आमच्या गल्लीत चालायला जागा उरली नाही. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला. गोठ्यात कापूस, ओसरीवर कापूस, मारुतीच्या सभामंडपात कापूस. देवाला बाहेरूनच हात जोडायचे. पुऱ्याच्या टोकाला अकोल्याच्या एका अडत्यानं सरकी काढायचं आवार घातलं. तिथे दिवसभर सरकी वेगळी करणारे लाकडी रेचे कुरकुरायचे आणि अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या दारांवरून विहिरीपर्यंत यायची. मी रोज ओरडायचो, "अरे बाप्पा, विहिरीचा रस्ता तरी मोकळा ठेवा! आग लागली तं काय तुमच्या गाड्या डोक्यावर घेऊन जाऊ?" गाडीवान हसायचे. मी फार ओरडतो म्हणून माझं कुणी ऐकत नाही, असं माझी बायको म्हणायची.

त्या खुळाच्या पहिल्याच हंगामात, पौषात, आवारात आग लागली. एका रेचेवाल्याच्या चिलमीची ठिणगी पडली ती नेमकी वयनीच्या ढिगावर. वयनी म्हणजे माझ्या जोडीदाराची बायको. तिचा नवरा कुणबी, आगवाल्यांच्या रांगेत कायम माझ्या शेजारी उभा राहणारा. आदल्या साली पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. बाईनं रडणं आटोपलं आणि औताला स्वतः हात घातला. नवऱ्याची बैलजोडी होती आणि शेत काळंभोर होतं, म्हणून तिचं निभत होतं.

त्या दिवशी आम्ही फार चांगलं काम केलं, असं आम्हाला वाटलं. मोट सुरू व्हायला वेळ लागला नाही, विहिरीचं पाणी ढिगावर ओतलं, वरचा थर जळाला तेवढाच. बाकी ढीग वाचला. दादानं माझी पाठ थोपटली. चार दिवसांनी तो कापूस वाळला आणि त्याच्यावर पांढरी खार फुटली, खाली पिवळे डाग. खरीददारानं चिमूटभर कापूस जिभेला लावला, थुंकला आणि पुढच्या ढिगाकडे गेला.

वयनी देवळामागे आली. आम्ही घोंगडी वाळत घालत होतो.

"तुमी आग इझवली, भाऊ, मी नाई म्हनत नाई," ती म्हणाली. "पन माह्यं काय वाचलं, ते तं सांगा."

मिरगाच्या आधी तिला जोडीतला एक बैल विकावा लागला. एका बैलावर पेरणी होत नाही. दुसरा मागायचा, तर त्या साली प्रत्येकाचा बैल कापसाच्या गाडीला. सगळ्यांची पेरणी उरकल्यावर, पाऊस पुढे सरकल्यावर, उसन्या बैलावर तिची पेरणी झाली. तो उसना बैल माझाच होता, पण माझी पेरणी झाल्यानंतरचा. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

तिच्या त्या एका वाक्यानं दादाची झोप उडाली. तो मनानं मोठा माणूस होता, पण त्याला मोठेपणा गाजवायलाही आवडायचं. एका संध्याकाळी त्यानं सगळ्या आगवाल्यांना मारुतीसमोर बसवलं.

"आपल्या हातानं एका रांडमुंड बाईचं वाटोळं झालं," तो म्हणाला. "आजपासून कापसावर खारं पानी नाई टाकाचं. गोडच टाकाचं. उचला बेलभंडार."

मी म्हणालो, "दादा, गोड पानी आनाचं कोठून? झिऱ्याची घागर भरेपर्यंत आग थांबते का? आगीले का आपल्याशी सोयरीक कराची हाये?"

दोघे तिघे हसले. दादा हसला नाही. "रांजन ठेवू आवाराच्या भिंतीपाशी. भरून ठेवाचे. तुह्या अंगावर टाकतो ते काम."

"अन् रांजन सरले तं?"

"तू दर वेळी आधी फाटेच फोडतं. उचल भंडार."

सगळ्यांनी बेल आणि भंडार उचलून आण घेतली. दादा माझ्याकडे बघत राहिला, म्हणून मीही उचलला. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं म्हणतात; मी नेमकं उलटं केलं. घरटी एक माणूस होता त्या देवळात. वयनीच्या घराला माणूसच उरला नव्हता, म्हणून तिच्या घरचं कुणी तिथे नव्हतं. हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

आता ते रांजण. सहा रांजण आवाराच्या भिंतीला लावले आणि माझ्या नशिबी आले. पुऱ्यातल्या बायका झिऱ्यावरून घरची एक घागर नेत आणि दुसरी रांजणात ओतत. त्या बायकांना कुणी आण घातली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. पाणी वाहायचं काम मात्र त्यांचं. माझी बायको पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "आन घेतली तुमी, अन् डोकं दुखून राहिलं आमचं." त्यात पुन्हा पाणी टिकेना. भर उन्हात अमरावतीकडून गाड्या यायच्या. गाडीवान उतरला की समोर काय, तर गार गोड पाण्याचा रांजण! मी झाकणं घातली, त्यांनी काढली. मी काटे बांधले, त्यांनी सोडले. एकदा मी एका गाडीवानाचा हात धरला तर तो म्हणाला, "काहून चिडून राहिले, बुवा? पानीच हाये नं? पुन्य लागन तुमाले." आगीचं पाणी म्हणून सांगितलं तर त्याला ते खरंच वाटेना. येतानाच वाटेत त्याला विहीर भरलेली दिसली होती.

त्याचंही बरोबरच होतं. मी दादाला जाऊन हे दर महिन्याला सांगायचो. दादा म्हणायचा, "आन घेतली हाये." मी म्हणायचो, "ते मले ठावं हाये." तिथे आमचं बोलणं संपायचं. मग मी घरी येऊन बायकोवर ओरडायचो आणि ती म्हणायची, "माह्यावर काहून ओरडता? दादावर ओरडा." दादावर ओरडायची माझी छाती नव्हती, हे तिला माहीत होतं.

दुसरा हंगाम आला. वयनीचं उशिरा पेरलेलं पीक उशिराच निघालं. सगळ्यांच्या मागून तिचा ढीग आवारात गेला आणि रेच्यावर पाळी यायची वाट बघत वैशाखापर्यंत पडून राहिला. ती रोज दुपारी भाकर बांधून आवारात जाऊन त्याच्यापाशी बसायची. मी रांजण बघायला गेलो की म्हणायची, "भाऊ, यंदा मिरगाच्या आधी बैल घेतो. पाहून ठेवला हाये, कपाळावर पांढरा ठिपका हाये त्याच्या." दुसरं तिला काही नको होतं. गुडघाभर चिखलात पुन्हा उसन्या बैलाची वाट बघत बसायचं नव्हतं.

आणि त्याच आवाराच्या भिंतीला चिकटून लोहारानं भट्टी मांडली. इतक्या गाड्या, इतकी चाकं. लोखंडी धावा तापवून चढवायचं काम त्याला दिवसभर पुरायचं. मी त्याला म्हणालो, भट्टी नदीकडे ने. तो म्हणाला, गिऱ्हाईक इथे येतं, नदीवर कोण येईल? मुकादमाला म्हणालो. तो म्हणाला, लोहार तुमच्या गावचा, तुम्हीच बघा. दादाला म्हणालो. दादा म्हणाला, "रांजन भरून ठेव." त्या दिवशी मी रागानं रांजणापाशी गेलो, झाकण काढलं आणि उन्हानं घसा कोरडा पडला होता म्हणून स्वतःच दोन लोटे प्यायलो.

आग लागली ती दोन दिवसांनी, दुपारी. वाऱ्यानं भट्टीतला फुफाटा उचलला आणि भिंतीवरून आत टाकला. आम्ही पोहोचलो तेव्हा अलीकडचा एक ढीग पेटला होता आणि त्याच्या शेजारी वयनीचा ढीग कडेनं धुमसत होता. कापसाची आग आधी मोठी दिसत नाही. धूर पसरतो आणि आग आत आत खात जाते. आकड्यांनी आम्ही दोन्ही ढीग तोडून वेगळे करू लागलो. दादा ओरडला, "रांजन!"

सहा रांजणांत मिळून चार घागरी पाणी निघालं. बाकीचं गाडीवान प्यायले होते, त्यांचे बैल प्यायले होते, आणि दोन लोटे मी.

वयनी धुरातून बाहेर आली. पदर तोंडावर धरला होता. "मोट जोडा!" ती म्हणाली. "इहिरीवर मोट जोडा, भाऊ, तुमचे बैल त्या लिंबाखाली उभेच हायेत!"

मी दादाकडे पाहिलं.

"कापसावर खारं पानी नाई," दादा म्हणाला. "नदीवर चला. झिऱ्यावरून आना."

"मेलं ते खारं गोड!" ती ओरडली. "माह्याच ढिगावर टाकाचं हाये नं? टाका म्हनतो नं मी!"

"वयनी, तुह्यासाठीच बेलभंडार उचलला हाये," दादा शांतपणे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं नव्हतं. मला आजही त्याचा संताप येतो आणि कीवही येते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आमच्या आडात होतं. पोहऱ्यात येऊ द्यायचं नाही, अशी आण आम्ही घेतली होती.

आणि मी काय केलं? ज्यानं त्या आणेला पहिल्या दिवशी विरोध केला, वर्षभर कटकट केली, त्या मी घागर उचलली आणि सगळ्यांबरोबर नदीकडे पळालो. दादाची आज्ञा मोडायचं माझ्या पायांना ठाऊकच नव्हतं. तापलेल्या वाळूत आम्ही अकरा माणसं एका झिऱ्याभोवती वाटीवाटीनं पाणी उपसत बसलो. दोन घागरी भरल्या नाहीत तोच गाळ वर आला. एकजण म्हणाला, निवळू द्या जरा. मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन मी परत आलो तेव्हा विहिरीवर मोट चालू होती. माझे बैल, आमची देवळामागची मोट, आणि बैलांमागे कासोटा खोचून माझी बायको! नदीकाठच्या मळ्यात ती मोट हाकायचीच, तिला शिकवायला कुणी लागत नव्हतं. विहिरीपासून आवारापर्यंत बायकांची रांग लागली होती. घागरी हातोहात जात होत्या आणि टोकाला वयनी उभी राहून खारं पाणी आपल्याच ढिगावर ओतत होती. बेलभंडार उचलला होता पुरुषांनी. बायकांना ती आण आड आली नाही. मला बघून बायको ओरडली, "ती घागर ठेवा तिकडे अन् दोरी धरा!" मी धरली. एकेक करून बाकीचेही रांगेत शिरले. दादा मात्र गोड पाण्याची घागर घेऊन तसाच उभा राहिला, आणि शेवटी त्यानं ती एका विझलेल्या कोपऱ्यावर ओतली.

पुऱ्यातली घरं वाचली. आवारातले बाकीचे ढीग वाचले. वयनीच्या ढिगात, आम्ही नदीवर होतो तेवढ्या वेळात, आग आतपर्यंत गेली होती. टोपलीभर कापूस हाताला लागला, तोही ओला आणि काळा. मुकादम धोतर सावरत आला, बघून हळहळला आणि म्हणाला, "आधीच टाकाचं होतं नं इहिरीचं पानी. औंदा डागी कापूस बी घेऊन राहिले लोक. पिवळा म्हना, खारा म्हना, रेती लागलेला म्हना, कोनी जीभ लावून पाहत नाई आता."

वर्षभरात कापसाची दुनिया बदलली होती आणि आम्ही मारुतीसमोरची आपली आण सांभाळत बसलो होतो. वयनीला ते आधीच ठाऊक होतं. रोज त्या आवारात बसून तिनं काय काय विकलं जातं ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातला उजवीकडचा बैल सोडला. बायको दारात उभी होती. जोडी मोडली तर मोट बंद, मोट बंद तर मळा बंद, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "धाकटा देऊ नका, तो लाथा मारते. हाच द्या." मी त्याला घेऊन वयनीच्या दाराशी गेलो.

वाटेत मी बोलायचं ठरवलं होतं बरंच. मी आधीपासून विरोधात होतो, दादानं ऐकलं नाही, लोहाराला मी सांगितलं होतं, गाडीवानांनी रांजण रिकामे केले. तिनं मला काहीच बोलू दिलं नाही. बैलाचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, अंगणातून एक फेरी मारून आणली. मग कासरा आपल्या हातात घेतला.

"ठेवून घेतो," ती म्हणाली. "मले लागते. नाई म्हनून चालाचं नाई माह्यं."

मी मान हलवून निघालो. तिनं मागून हाक मारली.

"भाऊ, यापुढं माह्यासाठी आन घ्याची असन, तं आधी मले इचारत जा."

मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. वर्षभर मी दादाशी भांडलो होतो, मुकादमाशी, लोहाराशी, येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवानांशी आणि घरी येऊन बायकोशी. आवारात रांजण बघायला रोज जायचो आणि ती तिथेच, ढिगापाशी, भाकर खात बसलेली असायची. तिला एकदाही विचारलं नव्हतं.